पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा हा अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना आणि वर्षानुवर्षं ऐकत आलेल्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी तो कसा घडला, मग समीक्षकांनी त्याचं काय केलं आणि शेवटी आज तो कोणत्या आवृत्तीत, कसा ऐकावा, असा साधारण क्रम आहे.

अल्बमची मूळ माहिती काय?

ध्वनिमुद्रण लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत मे १९७२ ते फेब्रुवारी १९७३ या काळात, तुकड्यातुकड्यांनी झालं. मधे दौरे होते. रॉजर वॉटर्स (बास गिटार, गायन), डेव्हिड गिल्मर (गिटार, गायन), रिचर्ड राइट (कीबोर्ड, गायन) आणि निक मेसन (ड्रम्स) हे चौघे वादक. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स. अमेरिकेत अल्बम १ मार्च १९७३ रोजी आला आणि त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये. लांबी सुमारे ४३ मिनिटं, एकूण दहा भाग, रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूला पाच. सगळी गीतं वॉटर्सची. चाली मात्र चौघांत वाटलेल्या आहेत, आणि ‘टाइम’वर तर चौघांचंही नाव आहे.

अल्बम नेमका कशाबद्दल आहे? चंद्राचा काय संबंध?

माणसाला वेडाच्या काठावर नेणाऱ्या गोष्टींबद्दल: हातातून निसटणारा वेळ, पैसा, सततची धावपळ, मरणाची भीती, युद्ध, आणि शेवटी प्रत्यक्ष मनाचा तोल ढळणं. हा विषय वॉटर्सने मेसनच्या घरी, स्वयंपाकघरात बसलेल्या बैठकीत मांडला. बँडचा पहिला गीतकार सिड बॅरेट मानसिक आजारामुळे १९६८ साली बाहेर पडला होता. ‘ब्रेन डॅमेज’ ऐकताना तो डोळ्यांपुढे येतोच.

चंद्र इथे खगोलशास्त्रातला नाही. इंग्रजीत वेड्यासाठी वापरला जाणारा जुना शब्द चंद्राच्या लॅटिन नावावरूनच आला आहे. चंद्राची जी बाजू पृथ्वीवरून दिसत नाही तिच्यावरही ऊन पडतं, तेव्हा ‘काळी बाजू’ हे शास्त्र म्हणून वाचू नये.

स्टुडिओत जाण्याआधीच हे संगीत लोकांनी ऐकलं होतं, हे खरं का?

खरं आहे, आणि या अल्बमबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच. २० जानेवारी १९७२ रोजी, म्हणजे अल्बम येण्याच्या वर्षभराहून अधिक आधी, ब्रायटनच्या डोम सभागृहात हा सगळा संच सलग वाजवायला घेतला होता. ‘मनी’पर्यंत पोचल्यावर टेपवरच्या आवाजांची यंत्रणा कोलमडली आणि संच अर्ध्यावर सोडावा लागला. फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये पत्रकारांसमोर तो पूर्ण वाजला.

त्या वेळचं रूप बरंच वेगळं होतं. आज जिथे ‘ऑन द रन’ आहे तिथे गिटार-कीबोर्डची लांबलचक जुगलबंदी होती. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’च्या जागी ऑर्गन आणि धार्मिक प्रवचनांचे तुकडे होते. शेवटचा ‘इक्लिप्स’ तर सुरुवातीला नव्हताच. संच हवेत लटकल्यासारखा संपतो हे जाणवल्यावर वॉटर्सने तो दौऱ्यातच लिहून जोडला. काय लांबतंय, कुठे श्रोते सैल पडतात, कुठून कुठे जाताना सांधा दिसतो, हे सगळं रंगमंचावर तपासून झालं होतं. अल्बमची वीण इतकी घट्ट लागते ती यामुळे.

नाव मधल्या काळात बदललं होतं का?

हो. मेडिसिन हेड नावाच्या बँडने १९७२ साली याच नावाचा अल्बम काढला, म्हणून काही काळ ‘इक्लिप्स’ हे नाव वापरलं गेलं. तो अल्बम चालला नाही, मग जुनं नाव परत घेतलं.

सोळा ट्रॅकवर इतके थर कसे बसवले?

एका टेपवर सोळा स्वतंत्र पट्टे, म्हणजे सोळा ट्रॅक. ड्रम्सलाच त्यातले बरेच लागतात. मग बास, दोन-तीन गिटार, पियानो, ऑर्गन, मुख्य गायन, मागच्या गायिका, सॅक्सोफोन आणि बोलण्याचे तुकडे. टेप भरली की तिच्यावरचे काही आवाज एकत्र मिसळून दुसऱ्या सोळा-ट्रॅक टेपवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुढचं काम करायचं.

याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक म्हणजे प्रत्येक नकलेला टेपची सळसळ वाढते. समान दर्जाच्या दोन टेप धरल्या तर पहिल्याच नकलेत ती साधारण ३ डेसिबलने वर जाते, म्हणून डॉल्बीची सळसळ कमी करणारी यंत्रणा वापरावी लागली. दुसरी किंमत जास्त जाचक आहे: एकदा मिसळलेले ड्रम्स पुन्हा सुटे करता येत नाहीत. कुठला आवाज किती ठेवायचा हा निर्णय तिथल्या तिथे, कायमचा घ्यावा लागायचा. आज संगणकावर निर्णय शेवटपर्यंत लांबवता येतो. इथे तशी सोय नव्हती, आणि या अल्बमचा ठामपणा काही अंशी त्यातूनच आला आहे.

‘मनी’च्या सुरुवातीची नाण्यांची टेप कशी बनवली?

सात आवाज, सात तुकडे. मेसनने जुन्या पेनीच्या नाण्यांना भोकं पाडून ती दोऱ्यात ओवली आणि खुळखुळवली. वॉटर्सने नाणी एका मोठ्या वाडग्यात फिरवली. त्याची पत्नी मातीची भांडी घडवायची आणि ते वाडगं तिच्या कामातलं होतं. कागद मायक्रोफोनसमोर धरून टरकवला. गल्ल्याच्या यंत्राचा खणखणाट स्टुडिओच्या ध्वनिसंग्रहातून घेतला. मग प्रत्येक आवाजाची टेप पट्टीने मोजून सारख्या लांबीची कापली, तुकडे चिकटवले आणि दोन्ही टोकं जोडून वेटोळं केलं.

पट्टी का लागते ते पाहा. टेप सेकंदाला १५ इंच धावते आणि एक ठोका अर्ध्या सेकंदाचा आहे असं धरलं, तर प्रत्येक तुकडा साडेसात इंचांचा आणि वेटोळं साडेबावन्न इंचांचं होतं. एका तुकड्यात पाव इंचाची चूक झाली तर तो ठोका सेकंदाच्या साठाव्या भागाने सरकतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण तीच चूक दर फेरीला त्याच जागी येते आणि कान ती पकडतो. अशी टेप स्वतः करून पाहायची असेल तर आवाजाचा ‘ठण्ण’ जिथे सुरू होतो तो बिंदू तुकड्याच्या अगदी सुरुवातीला आणा. लांबी बरोबर असूनही ठेका लंगडतो तो बहुतेक वेळा इथेच: एका तुकड्यात आवाज लगेच सुरू होतो, दुसऱ्यात थोडी रिकामी टेप जाऊन मग. एवढ्या लांबीचं वेटोळं यंत्रावर मावत नाही, तेव्हा ते मायक्रोफोनच्या स्टँडभोवतून ओढून ताणलेलं ठेवतात. ताण ढिला पडला की वेग डगमगतो.

‘मनी’ मोजायचं कसं? चारवर पाय ठोकला की चुकतंच.

कारण ते सात मात्रांत आहे. बासच्या पहिल्या खर्ज स्वरावर ‘एक’ म्हणा आणि सातपर्यंत मोजा. पुढच्या ‘एक’ला तोच स्वर परत येईल. रूपक तालाची सवय असलेल्यांनी इथे जरा सावध राहावं. रूपकात समेवर खाली असते, इथे पहिल्याच मात्रेवर बासचा पूर्ण जोर पडतो. डिक पॅरीचा सॅक्सोफोन सातातच वाजतो. गिटारचं एकल (सोलो) सुरू झालं की मात्र सगळे सरळ चारात येतात, आणि एकल संपल्यावर परत सातात. गिल्मरच्या एकलाचे तीन तुकडे आहेत. पहिला प्रतिध्वनीत भिजलेला, दुसरा एकदम कोरडा, जणू कुणी खोलीतले पडदे-गालिचे बदलले, आणि तिसरा पुन्हा भरगच्च. त्या मधल्या कोरड्या तुकड्यात मागची वाद्यंही मोजकीच उरतात. मोठा आवाज मोठा वाटावा म्हणून त्याआधी लहान खोली दाखवायची, ही युक्ती इतक्या साधेपणाने केलेली दुसरीकडे क्वचितच ऐकायला मिळते.

‘ऑन द रन’मधला धावता आवाज कोणत्या वाद्याचा?

ईएमएस कंपनीच्या सिंथी एकेएस या ब्रीफकेसएवढ्या सिंथेसायझरचा. त्याच्या कीबोर्डवर आठ स्वरांची छोटी मालिका नोंदवली आणि तिचा वेग इतका वाढवला की स्वर सुटे ऐकू येईनासे होऊन एक सलग घरघर झाली. मग वाजता वाजताच फिल्टर फिरवत राहायचं. स्वर तेच राहतात, त्यांचा रंग बदलत जातो. त्यावर पावलांचे आवाज, विमानतळावरची सूचना आणि शेवटी कोसळण्याचा स्फोट. फोनच्या एका स्पीकरवर हा भाग निम्मा मरतो, कारण आवाज डावीकडून उजवीकडे पळणं हाच त्यातला प्रवास आहे.

‘टाइम’ची घड्याळं खरी आहेत का?

खरी. पार्सन्सने ती जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून मुद्रित केली होती, तीही या अल्बमसाठी नाही, तर क्वाड्राफोनिक म्हणजे चार स्पीकरच्या ध्वनीचं प्रात्यक्षिक दाखवायला. ती सगळी एकाच क्षणी वाजतात असं वाटतं ते टेपवर जुळवल्यामुळे. घड्याळांनंतर जे घुमणारे, स्वर असलेले ठोके येतात ते रोटोटॉमचे. हा ड्रम फिरवून स्वर चढवता-उतरवता येतो.

मधे मधे बोलणारे लोक कोण?

स्टुडिओतले आणि बँडभोवतीचे लोक. वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहिले आणि एकेकाला मायक्रोफोनसमोर बसवून ती क्रमाने उलटायला लावली. सुरुवातीला आवडता रंग, आवडता पदार्थ असले निरुपद्रवी प्रश्न. मग शेवटचं कधी हात उचललात, तेव्हा बरोबर तुमचं होतं का, मरणाची भीती वाटते का, असे. माणूस सावरायच्या आत उत्तर देऊन मोकळा होतो. पॉल आणि लिंडा मॅकार्टनी तेव्हा त्याच स्टुडिओत काम करत होते. त्यांनीही उत्तरं दिली, पण ती फार सांभाळून दिलेली निघाली, म्हणून वापरली नाहीत. त्यांच्याच बँडमधला गिटारवादक हेन्री मॅक्युलॉ मात्र अल्बमवर आहे. अगदी शेवटी, चंद्राला मुळात काळी बाजू नाहीच, तो सगळाच काळा आहे, असं सांगणारा आवाज स्टुडिओचा दारवान जेरी ओ’ड्रिस्कॉल याचा. अल्बमचं अखेरचं वाक्य कुठल्याही संगीतकाराच्या तोंडी नाही, यापेक्षा नेमका शेवट सुचणं कठीण होतं.

‘द ग्रेट गिग इन द स्काय’ गाणारी कोण, आणि खटला कशाचा झाला?

क्लेअर टोरी. पार्सन्सने तिचं नाव सुचवलं. शब्द नाहीत, गळा वाद्यासारखा वापर, एवढंच तिला सांगण्यात आलं. जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी तिने दोन पूर्ण आणि एक अर्धवट टेक दिले. अंतिम गायन त्यातूनच जोडलेलं आहे. मोबदला ३० पौंड, रविवार म्हणून नेहमीच्या दुप्पट. २००४ साली तिने सहरचनाकाराच्या हक्कासाठी दावा लावला, २००५ साली न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि तेव्हापासून राइटच्या बरोबरीने तिचं नाव रचनाकार म्हणून छापलं जातं. हे आधीच व्हायला हवं होतं. स्वरांच्या पायऱ्या राइटच्या पियानोच्या आहेत, पण त्यांवरून चाललेली धून तिने त्याच क्षणी रचली.

मिश्रणावरून भांडण काय होतं?

वॉटर्स आणि मेसनला आवाज कोरडा, स्वच्छ, आणि बोलण्याचे तुकडे ठळक हवे होते. गिल्मर आणि राइटला जास्त प्रतिध्वनी आणि ते तुकडे दबलेले. तोडगा म्हणून ताज्या कानांचा बाहेरचा माणूस, ख्रिस थॉमस, बोलावला. ‘अस अँड देम’ ऐकलं की दोन्ही बाजूंना काय मिळालं ते कळतं. गायनाची ओळ टेपवरून उशिरा परत येते आणि मोकळ्या जागेत विरत जाते, पण शब्द एकही हरवत नाही.

मुखपृष्ठ कोणाचं? इंद्रधनुष्यात सहाच रंग का?

हिप्नोसिस या संस्थेचं: काळ्यावर एक लोलक, त्यात शिरणारी पांढऱ्या प्रकाशाची रेघ आणि बाहेर पडणारा रंगांचा पट्टा. कल्पना स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल यांची, चित्र जॉर्ज हार्डीचं. या वेळी फोटो नको, काहीतरी नेटकं आणि रुबाबदार हवं, ही राइटची मागणी होती. शाळेतलं ‘तानापिहिनिपाजा’ लावून पाहिलं तर ‘पा’, म्हणजे पारवा, गळलेला दिसेल. निळा आणि जांभळ्याच्या मधली ती छटा काळ्यावर वेगळी उठत नाही. आतल्या पानावर रंगांची पट्टी पुढे जाते आणि त्यातली एक रेघ हृदयाच्या ठोक्याच्या आलेखासारखी उसळते. मागच्या बाजूला उलटा लोलक आहे, त्यामुळे दुकानात आवरणं शेजारीशेजारी उघडून मांडली की प्रकाशाची रेघ तुटत नाही.

पत्रकारांसाठी ठेवलेल्या पहिल्या श्रवणाला बँड का गेला नाही?

तो कार्यक्रम फेब्रुवारी १९७३ च्या अखेरीस लंडनच्या तारांगणात होता. क्वाड्राफोनिक मिश्रण तयार नव्हतं आणि साध्या ध्वनियंत्रणेवर अल्बम ऐकवणं तिघांना मान्य नव्हतं. राइट एकटा गेला. बाकीच्यांच्या जागी पुठ्ठ्याचे पुतळे उभे होते.

१९७३ साली समीक्षकांनी काय लिहिलं?

सरसकट जयजयकार झाला, हा समज चुकीचा आहे. ‘मेलडी मेकर’मध्ये रॉय हॉलिंगवर्थने पहिली बाजू इतकी गोंधळलेली ठरवली की तिचा माग ठेवणंच अवघड जातं. दुसऱ्या बाजूची गाणी मात्र त्याला भरीव वाटली आणि तिथे त्याने मोकळेपणाने दाद दिली. ‘साउंड्स’मध्ये स्टीव्ह पीकॉकने उलट टोक गाठलं. पिंक फ्लॉइडचा एक स्वरही न ऐकलेल्या माणसालाही हा अल्बम बिनशर्त सुचवेन, असा त्याचा सूर होता.

‘रोलिंग स्टोन’मधलं लॉइड ग्रॉसमनचं परीक्षण मे १९७३ चं. त्याचा निकाल अनुकूल आहे: पोत आणि कल्पना दोन्ही श्रीमंत, ऐकणाऱ्याकडून सहभाग मागणारा अल्बम. पण त्यातच गिल्मरचं गाणं काही ठिकाणी दुबळं आहे आणि ‘द ग्रेट गिग’ आखूड करता किंवा गाळता आलं असतं, असंही आहे. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊने अल्बमला ‘बी’ दर्जा दिला. बोलण्याचे तुकडे आणि पॅरीचा सॅक्सोफोन त्याला आवडले, पण एकूण गांभीर्य त्याला थोडं सजावटी वाटलं.

मग त्यांचं चुकलं का?

परीक्षण वाचताना तक्रार नेमकी कोणत्या जागेवर बोट ठेवते ते पाहावं. निकालापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. पहिली बाजू गोंधळलेली वाटते, हे निरीक्षण म्हणून खरं आहे: पहिल्या वीस मिनिटांत हृदयाचे ठोके, एक संथ गाणं, सिंथेसायझरची धाव, घड्याळं, गाणं, मग शब्दांशिवायचं गायन. गाणी शोधणाऱ्या कानाला इथे पकड मिळत नाही. परीक्षकाला हे सगळं थोडक्या वेळात ऐकून लिहायचं होतं. या बाजूचे सांधे दिसायला लागतात ते तीन-चार वेळा ऐकल्यावर, उदाहरणार्थ ‘टाइम’च्या शेवटी ‘ब्रीद’ची चाल परत येते तेव्हा.

गिल्मरच्या गळ्याबद्दलचा आक्षेप आम्हाला पटत नाही. त्याचा सपाटपणा मुद्दाम ठेवलेला वाटतो, आणि म्हणूनच टोरीचा आवाज फुटतो तेव्हा अंगावर येतो. ‘द ग्रेट गिग’ गाळलं असतं तर पहिल्या बाजूला शेवटच उरला नसता. क्रिस्टगाऊच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. काही ओळी वाचायला बसलं तर साध्या विधानांसारख्या वाटतात, आणि ‘एनी कलर यू लाइक’ हा सुंदर वाजवलेला पण मुख्यतः दोन गाण्यांमधला पूल आहे. स्वतः गिल्मरनेही पुढे सांगितलं की काही ठिकाणी संगीत शब्दांचं वजन पेलण्याइतकं भक्कम नव्हतं. पुढच्या अल्बमवर त्याचा परिणाम झाला.

नंतर मत कसं बदललं?

पंक या साध्या, रांगड्या रॉकच्या लाटेत पिंक फ्लॉइड हे नाव फुगलेल्या रॉकचं प्रतीक झालं. पंक गायक जॉनी रॉटनचा पिंक फ्लॉइडच्या नावावर तिरस्काराचे शब्द लिहिलेला टी-शर्ट प्रसिद्ध आहे. त्यानेच पुढे हा अल्बम आवडत असल्याचं कबूल केलं. १९९९ साली ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, आणि २०१३ साली अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात त्याची निवड जाहीर केली. ‘रोलिंग स्टोन’च्या ५०० सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत २००३ आणि २०१२ साली तो ४३ व्या, २०२० साली ५५ व्या क्रमांकावर होता. उतरलेला क्रमांक म्हणजे किंमत उतरली असं नाही. २०२० ची यादी नव्या मतदारांकडून, नव्याने मतं घेऊन केली गेली.

इतका विकला, मग तो किती आठवडे पहिला होता?

अमेरिकेत एकच, एप्रिल १९७३ च्या अखेरीस. ब्रिटनमध्ये तो दुसऱ्या क्रमांकाच्या वर गेला नाही. विक्रम आहे तो टिकण्याचा: १९७३ ते १९८८ या काळात तो ‘बिलबोर्ड’च्या अमेरिकी विक्रीयादीत ७०० हून अधिक आठवडे राहिला. जगभरातल्या विक्रीचा अंदाज साडेचार कोटी प्रतींच्या पुढे जातो.

अमेरिकेतल्या यशात भास्कर मेनन यांचा मोठा वाटा आहे. त्रिवेंद्रमला जन्मलेले आणि भारतातल्या एचएमव्हीतून वर चढलेले मेनन तेव्हा कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख होते. बँडने पुढच्या अल्बमांसाठी अमेरिकेत दुसऱ्या कंपनीशी करार केलेला असूनही त्यांनी या अल्बममागे पूर्ण ताकद लावली. ‘मनी’ स्वतंत्र छोटी रेकॉर्ड (सिंगल) म्हणून काढलं गेलं आणि ते १३ व्या क्रमांकापर्यंत पोचलं.

‘विझर्ड ऑफ ऑझ’ चित्रपटाबरोबर लावला तर जुळतो म्हणतात.

योगायोग आहे. १९९० च्या दशकात ही गोष्ट पसरली, आणि बँड व पार्सन्स दोघांनीही ती नाकारली. ४३ मिनिटांत इतके चढउतार असलेलं संगीत कुठल्याही चित्रपटाला काही ठिकाणी जुळणारच.

कोणती आवृत्ती घ्यावी?

साध्या दोन स्पीकरसाठी २०११ चं किंवा त्यानंतरचं स्टिरिओ रीमास्टर (मूळ मिश्रण नव्याने साफ करून काढलेली आवृत्ती) पुरेसं आहे. सराउंड यंत्रणा असेल तर २००३ ची एसएसीडी (जास्त तपशील साठवणारी खास सीडी) घ्या, तिच्यावर जेम्स गथ्रीचं ५.१, म्हणजे सहा स्पीकरचं, मिश्रण आहे. ही चकती साध्या सीडी प्लेयरवरही वाजते, पण तिथे फक्त स्टिरिओ थर मिळतो. ५.१ साठी एसएसीडी वाचणारा प्लेयरच लागतो, आणि अनेकांची निराशा इथे होते. पार्सन्सचं १९७३ चं चार स्पीकरचं मिश्रण २०११ च्या ‘इमर्शन’ संचात आहे. डॉल्बी ॲटमॉस (वरूनही आवाज देणारं) मिश्रण २०२३ च्या पन्नासाव्या वर्षाच्या संचात. मूळ संगीत रंगमंचावर कसं वाजायचं हे ऐकायचं असेल तर १९७४ च्या वेम्बली मैफिलीचं ध्वनिमुद्रण जरूर मिळवा. ऑक्टोबर २०२३ मधला वॉटर्सचा ‘रिडक्स’ हा स्वतंत्र अल्बम आहे. त्यात बोलणं जास्त आहे आणि गिटारची एकलं नाहीत. चुकून तो घेऊ नका.

जुनी रेकॉर्ड विकत घेताना काय तपासावं?

ब्रिटिश मूळ आवृत्तीचा क्रमांक एसएचव्हीएल ८०४, कंपनीचं लेबल हार्वेस्ट. पहिल्या छपाईच्या लेबलवर त्रिकोण भरीव निळा असतो, नंतरच्या छपाईत नुसती बाह्यरेषा. सोबत दोन पोस्टर आणि दोन स्टिकर असायला हवेत.

रेकॉर्ड तिरप्या उजेडात धरा. नख अडकेल असा ओरखडा हमखास ऐकू येतो, नुसता दिसणारा बऱ्याचदा येत नाही. ऐकून पाहायला मिळालं तर मोठे भाग नकोत. सुरुवातीचे ठोके, ‘द ग्रेट गिग’चा सुरुवातीचा पियानो आणि अखेरचे विरणारे ठोके ऐका. कडकड तिथेच उघडी पडते.

‘इक्लिप्स’ फाटल्यासारखं ऐकू येतं, ही तक्रार फार येते. दोष नेहमी रेकॉर्डचा नसतो. बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, लेबलजवळ फक्त २१ च्या आसपास, आणि या अल्बमचा सगळ्यात दाट भाग नेमका तिथे येतो. सुईचा भार उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत ठेवा (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग; त्याच्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकाराला बहुधा दीड ते दोन ग्रॅम), आणि कार्ट्रिजचा कोन मापपट्टीवर जुळवा. भीतीने भार कमी करणं उलट अंगाशी येतं, कारण हलकी सुई खोबणीत उडते आणि भिंती खरवडते.

फोनवर ऐकताना गाण्यांमधे खंड पडतो. काय करावं?

क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर आणा, गॅपलेस (खंड न पडता वाजवणं) चालू ठेवा, शफल (क्रम बदलून वाजवणं) बंद करा. क्रॉसफेड चालू असेल तर ‘ब्रेन डॅमेज’चा शेवट आणि ‘इक्लिप्स’ची सुरुवात एकमेकांवर चढतात आणि ठेका चुकतो. जुन्या एमपीथ्री फाइलींत प्रत्येक फाइलच्या टोकाला थोडी शांतता भरलेली असते. ती सेटिंगने जात नाही, फाइल मूळ सीडीवरून नव्याने, लॉसलेस (आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या) स्वरूपात करावी लागते. आवाज समान करण्याची सोय असेल तर ती ‘अल्बम’ पातळीवर ठेवा. गाण्यागणिक समान केली की ‘स्पीक टू मी’ची शांतता वर उचलली जाते आणि पुढच्या गाण्याच्या सीमेवर पायरी ऐकू येते.

सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका. काही सेकंदांत ठोके वर येतात, आणि त्या पातळीवर ‘टाइम’ची घड्याळं हेडफोनमध्ये कानाला इजा करतील इतकी जोरात वाजतात. आवाज ‘ब्रीद’वर जुळवा, मग मागे जाऊन पहिल्यापासून लावा.

काही जुन्या सीडींवर नऊच ट्रॅक का दिसतात?

‘स्पीक टू मी’ आणि ‘ब्रीद’ एकाच क्रमांकाखाली घेतल्यामुळे. काहीही गाळलेलं नाही.

अगदी शेवटी ठोक्यांखाली एक पुसट सूर ऐकू येतो. भास का?

भास नाही. काही आवृत्त्यांत, हेडफोनवर आवाज वाढवला तर, बीटल्सच्या ‘टिकट टू राइड’ची वाद्यवृंदावरची धून अंधूकपणे येते. ऐकून पाहायचं असेल तर आधी शेवटचं वाक्य संपू द्या, मगच आवाज वाढवा, आणि दुसरं काही आपोआप सुरू होणार नाही याची खात्री करून घ्या.